पेन चालतंय का बघायला लिहिलेलं नाव

लार्कवूड, टास्मानिया
५ मार्च १९९३, शुक्रवार

चि. टॅमसिन बाळा,

तुला खूप खूप आशीर्वाद. मी मजेत आहे, कोंबड्याही मजेत आहेत, फक्त ती पांढरी पुन्हा अंडी लपवायला लागली आहे. काल दोन सापडली, कुठे, तर तुझ्या आजोबांच्या जुन्या गमबुटात.

पत्र लांबणार आहे. तेव्हा तुझ्या दवाखान्यातल्या लोकांचे गुडघे वाकवून झाले की निवांत बस आणि वाच. माझं अक्षर तुला माहीतच आहे. चौथीत असताना सफरचंदांचा हंगाम आला, बाबांनी शाळेतून काढून पेट्या भरायला बसवलं, तेव्हापासून जे अक्षर उताराला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

तर झालं काय, काल पहिला गुरुवार. म्हणजे कातारी मंडळाची, लेथवर लाकूड कातणाऱ्यांची, सभा. तुझे आजोबा जाऊन चार वर्षं झाली तरी मी जातेच, कारण वीस वर्षं तिथला चहा माझा. सभा भरते ती जुन्या सफरचंदांच्या शेडमध्ये. कोपऱ्यात एक स्वयंपाकघर आहे आणि त्याला ट्रे सरकवायची खिडकी. त्या खिडकीतून मला काय दिसतं सांगू? तेवीस पाठी. पुढे लेथ गरगरत असतो, लाकडाला पटाशी लागल्याचा सूं सूं आवाज येतो, माणसं "वा!" म्हणतात, आणि मी बशा पुसत असते. वीस वर्षं लेथ ऐकला बाई, बघितला नाही.

तू लहानपणी यायचीस, पण तेव्हा तुझं सगळं लक्ष बिस्किटांवर. म्हणून आमची रीत सांगते. टेबलावर दर महिन्याला एकच वस्तू असते, मागच्या महिन्यात ज्याचं नाव निघालं त्याने कातलेली. मग डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने ती वस्तू घरी न्यायची आणि पुढच्या सभेला स्वतःच्या हाताने कातलेली दुसरी आणायची. ती मंडळाची साखळी. एकोणीस वर्षांत एकदाही तुटलेली नाही. सगळी नावं एका लाल वहीत लिहिलेली आहेत. ज्याने आणली नाही त्याची चिठ्ठी पुन्हा कधी डब्यात पडत नाही. पण तशी वेळच कोणावर आलेली नाही.

चिठ्ठ्या करतो आमचा सेक्रेटरी मर्विन पास्को, हजेरीच्या वहीवरून. काल त्याचं पेन बंद पडलं. खिडकीशी आला, म्हणाला, "एल्व्हा, एखादं पेन दे गं. आणि चालतंय का ते आधी बघ." मी बघितलं. आता पेन चालतंय का बघायला माणूस काय लिहितो? आपलं नाव. निदान मला तरी न अडखळता तेवढंच लिहिता येतं. आणि समोर उघडी होती हजेरीची वही.

पुढचं तुला कळलंच असेल. मर्विनने चिठ्ठी उघडली आणि वाचली, "एल्व्हा बरिज."

मग कॉलिन विल्मॉट, तो दुकानवाला गं, ओरडला, "अरे वा, आज चहाला बक्षीस!" सगळे हसले. मर्विन म्हणाला, "चुकून पडली, दुसरी काढतो." तेवढ्यात रिग्बी उठला. रिग्बी म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, वाळक्या ओंडक्यासारखा माणूस, आणि वस्तू त्याचीच होती: ह्युऑन पाइनच्या लाकडाची इवलीशी डबी, झाकण उघडलं की फप् असा श्वास सोडते.

"चिठ्ठी निघाली ती निघाली," म्हणाला. "डबी तिची. आणि पुढची वस्तूही तिची."

मर्विन म्हणाला, "अरे, ती केक आणेल की! एल्व्हाचा सफरचंदांचा केक म्हणजे..."

"केक लेथवर होतो का?" रिग्बीने विचारलं.

पुन्हा सगळे हसले. टॅमसिन, ती माणसं वाईट नाहीत. पण ते ज्या तऱ्हेने हसले ना, मांजराने टोपी घातली की हसतात तसं, ते माझ्या डोक्यात गेलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "लेथची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," रिग्बी म्हणाला.

"मंगळवारी सकाळी मला वेळ आहे."

आता माझ्याकडे चार मंगळवार आहेत. एक एप्रिलच्या सभेत माझी वस्तू टेबलावर आली, तर मी सभासद. लाल वहीत नाव, आणि पुढे बसायला खुर्ची. नाही आली तर परत बशा. तुझ्या आजोबांचं नाव त्या वहीत सात वेळा आहे. मला एकदाच हवंय, पण हवंय.

डबीत बटणं ठेवली आहेत. उगाच उघडझाप करत बसते.

तुझी आजी

*

डार्विन
११ मार्च १९९३

प्रिय आजी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि माझं सँडविच तसंच राहिलं.

आजी, तू पंच्याहत्तर वर्षांची आहेस. तुझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा आहे, त्याची मागच्या नाताळात मीच तपासणी केली होती. त्यात आता कुरकुर करण्यापलीकडे काही उरलेलं नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. आणि लेथ काय असतो माहीत आहे ना? लेथमध्ये हात गेलेली माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांना चमचा धरायला शिकवते.

हा रिग्बी कोण लागून गेला? नवख्या माणसाला भर सभेत असं कोंडीत पकडतात का? त्याची डबी त्याला परत करून टाक. नाहीतर केक ने. तुझा केक बघून कोण नियम काढत बसणार आहे!

मी सांगितलेला व्यायाम करतेस ना? रबरी चेंडू दाबायचा?

तुझी काळजीत पडलेली,
टॅमसिन

*

लार्कवूड
१७ मार्च १९९३, बुधवार

चि. टॅमसिन,

तुझा चेंडू त्या पांढऱ्या कोंबडीने अंडं समजून पळवला. चार दिवस त्यावर बसली आहे, उठायलाच तयार नाही. तेव्हा व्यायाम बंद.

दोन मंगळवार झाले. लेथला अजून बोटसुद्धा लावू दिलेलं नाही त्या खडूसाने! पहिल्या मंगळवारी मी एप्रन बांधून, केस घट्ट बांधून, बाह्या सारून तयार. रिग्बीने चार पटाश्या पुढ्यात टाकल्या आणि धारेच्या दगडाकडे बोट दाखवलं. म्हणाला, "आधी धार."

मी लावली. त्याने उजेडाकडे धरून बघितली. "पुन्हा."

लावली. "पुन्हा."

असं अकरा वेळा! शेवटी मी म्हटलं, "अरे बाबा, मी पन्नास वर्षं मटण कापतेय. धार म्हणजे काय ते मला सांगू नकोस."

म्हणतो कसा, "मटण फिरत नसतं, एल्व्हा."

आणि मग आपल्या थर्मासमधला चहा प्यायला. मला विचारलंसुद्धा नाही. बाई गं, हा माणूस वीस वर्षं सभेला स्वतःचा थर्मास घेऊन येतो! सगळं मंडळ माझा चहा पितं आणि हा एकटा कोपऱ्यात आपल्या झाकणात ओतून पितो. एवढा कसला ताठा?

काल दुसरा मंगळवार. पुन्हा धार. दुपार व्हायला आली तेव्हा त्याने माझ्या पटाशीने स्वतःच्या मनगटावरचे केस काढून बघितले. सपासप निघाले. काही बोलला नाही, पण "पुन्हा" पण म्हणाला नाही. त्याच्या तोंडून तेवढं म्हणजे हारतुरेच. मग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी लाकूड."

मी घरी येईपर्यंत शीळ घालत होते. शेजारची मिसेस डकेट कुंपणावरून म्हणाली, "एल्व्हा, सगळं ठीक आहे ना?" तिने बादलीभर क्विन्सची आंबट फळं दिलीत, त्यांची जेली करायची आहे. पण क्विन्स कापताना मी आता सुरी अशी धरते, बोट वर, मनगट कमरेला टेकवून, पटाशी धरतात तशी. फोडी बघायला ये, एकसारख्या.

या वेळचं अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे, त्याला कारण अंगठ्याची पट्टी. पाव कापताना जरासं लागलं. विशेष काही नाही.

तुझी आजी

*

डार्विन
२३ मार्च १९९३

प्रिय आजी,

पाव कापताना. बरं.

आजी, तू गेली सहा वर्षं कॉलिन विल्मॉटच्या दुकानातला कापलेला पाव आणतेस. त्यावरून आपलं भांडणसुद्धा झालं होतं.

पण मी काही बोलत नाही. तुझं आयुष्य, तुझा अंगठा. तू मोठी आहेस, मी कोण सांगणार? सावकाश कर, चष्मा लाव, सैल बाह्यांचं काही घालू नकोस.

मंडळाचा सेक्रेटरी अजून तो पास्कोच ना? आणि टपालाची पेटी जुनीच? सहज मनात आलं. उत्तर पाठवायची गरज नाही.

टॅमसिन

*

लार्कवूड
२ एप्रिल १९९३, शुक्रवार

टॅमसिन,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही पत्रं मिळाली. एक मला आलं आणि दुसरं काल सगळ्या मंडळाला आलं. त्याचं पुढे सांगते, तोवर तू जरा धाकधुकीत बस.

आधी तिसरा मंगळवार. रिग्बीने लेथवर एक साधा दांडका चढवला आणि बाजूला झाला. मी पटाशी टेकवली. पहिल्यांदा खडखडखड, दात वाजतील अशी. "खालून वर ये," तो म्हणाला. "ढकलू नकोस. लाकूड तुझ्याकडे येतंय, तू कशाला धावतेस?" मी हात सैल सोडला, आणि टॅमसिन, एक लांबच लांब ढलपी निघाली, रिबिनीसारखी, माझ्या खांद्यावरून मागे! मी ओरडलेच. मग दुसरी, मग तिसरी. केसांत, ब्लाऊजमध्ये, चष्म्याच्या मागे. तशीच पोस्टात गेले तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या मागे भुश्याची वाट पडलीय." मी म्हटलं, "पडू दे की, परत जायला सापडेल." एवढी हसले नव्हते गं मी, आजोबा गेल्यापासून.

चौथा मंगळवार, या आठवड्यातला. ब्लॅकवूडचा वाडगा करायचा होता. बाहेरून झाला, अगदी गोल, गालासारखा. खाली छोटं वर्तुळ कोरून खोबण केली, लेथच्या पकडीने तिथे धरायचं असतं म्हणून. मग उलटा फिरवून आतून पोखरायला सुरुवात. रिग्बी ओंडके आत आणायला बाहेर गेला होता. मी कडेपासून खोली मोजली, काडी घालून, नीट. बाहेरून उंची मोजली. वजा केलं. अजून बोटभर लाकूड शिल्लक होतं. म्हटलं, जाड बुडाचा वाडगा म्हणजे काय कुत्र्याला जेवायला घालायचा? अजून जरा पातळ करू.

खालची खोबण मोजायची राहिली.

आधी आवाज बदलला. भरल्या हंड्यावर टिचकी मारल्यासारखा होता, तो एकदम पोकळ झाला. मी थांबायच्या आत टप्पकन एक चकती उडाली आणि बुडातून लेथचं लोखंड माझ्याकडे बघायला लागलं. नाण्याएवढं भोक. गोल मात्र सुरेख!

रिग्बी आला. लेथ बंद केला. बघितलं. थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि पिऊन टाकला. मग म्हणाला, "दुसरा करायला वेळ नाही." बस. मी घरी गेले आणि बुधवारी केक केला.

हो, केक केला. तुझ्यापासून काय लपवायचं? दोन वस्तू घेऊन गेले काल. डब्यात सफरचंदांचा केक. आणि मैद्याच्या जुन्या पिशवीत तो वाडगा. तो का नेला ते मलाही माहीत नाही. मनात पक्कं होतं: केक ठेवायचा, सगळे "वा वा" म्हणतील, मर्विनने तर आधीच कपाटातून एक जुना, कातलेला मेणबत्तीचा स्टँड काढून तयारीत ठेवला होता, साखळी तुटू नये म्हणून. सगळ्यांचं भलं. आणि तारीखही एक एप्रिल. हसण्यावारी नेता आलं असतं.

मग सभा सुरू झाली. आमच्या मंडळात आलेलं प्रत्येक पत्र सभेत मोठ्याने वाचतात. नियमच आहे तसा. एकदा कोणाचं तरी चुकून आलेलं वीजमंडळाचं पत्रसुद्धा शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि कोणाचं तरी अनुमोदनही मिळालं होतं. हे तुला कुठून माहीत असणार? मर्विनने पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि सुरुवात केली, "सेक्रेटरी यांस. मी तुमच्या चहावाल्या श्रीमती एल्व्हा बरिज यांची नात, आणि हातांच्या व्यायामाची जाणकार..."

माझ्या हातात चहाची किटली. सगळं ऐकलं. अंगठ्याचा सांधा ऐकला. डावा डोळा ऐकला. "माझी आजी भिडस्त आहे, तिला नाही म्हणता येत नाही" हे ऐकलं तेव्हा कॉलिनला ठसका लागला. "एका उद्धट गृहस्थाने तिला भरीला घातले आहे" यावर बावीस माना एकदम रिग्बीकडे वळल्या. आणि मग आलं, "तिचा जन्म १९१८ सालचा आहे हे ध्यानात घ्यावे."

टॅमसिन, मंडळात मी एकाहत्तर वर्षांची आहे.

कॉलिन म्हणाला, "पण मागच्या वर्षी आपण हिचा सत्तरावा केला ना? मी सत्तर मेणबत्त्या दिल्या होत्या!"

"विनंती की तिला या कामातून मोकळे करावे." संपलं पत्र. मर्विनने चष्मा काढला, डोळे पुसले बरं का, आणि म्हणाला, "मी सूचना मांडतो की आपल्या लाडक्या एल्व्हाला प्रेमाने मोकळं करावं. हात वर करा." आणि बावीस हात वर गेले. कसे पटापट, कसे मायेने! रिग्बीचे मात्र दोन्ही खिशात.

त्या हातांकडे बघताना मला एकदम कळलं की केकचंही असंच होणार. मायेने खातील आणि मायेने मला आत पाठवतील.

मी किटली खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आले. वीस वर्षांत सभा चालू असताना त्या दारातून मी ट्रेशिवाय बाहेर आले नव्हते. त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. मग पिशवी दोन्ही हातांत धरली.

म्हटलं, "ही माझी नात. साडेतीन हजार किलोमीटरवरून तिला माझा अंगठा दिसतो, पण काम दिसत नाही. मी दाखवलंच नाही तिला. तुम्हालाही नाही दाखवलं. आता बघा." आणि मेणबत्तीचा स्टँड बाजूला सारून वाडगा ठेवला.

कॉलिनने उचलला. फिरवला. मग डोळ्याला लावून बुडातून माझ्याकडे बघितलं. कोणीतरी खुसखुसलं.

मर्विन अगदी हळू आवाजात म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसं, "एल्व्हा, याला बूड नाही गं."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "डाव्या डोळ्यानेसुद्धा दिसतंय."

तेव्हा रिग्बीने खिशातून हात काढले. "मर्विन, नियम वाच."

मर्विनने वाचला. स्वतःच्या हाताने, लेथवर, एका महिन्याच्या आत.

"बुडाचं काही लिहिलंय?"

"नाही, पण..."

"आता मी एक सूचना मांडतो," रिग्बी म्हणाला. "ज्याच्या हातून आजवर कधी बूड फुटलं नाही, त्याने हात वर करावा."

टॅमसिन, एकही हात नाही! जे मघाशी छताला लागले होते ते सगळे मांडीखाली. कॉलिन म्हणाला, "माझे तीन." मागून कोणीतरी म्हणालं, "लग्नाच्या वाढदिवसाला दिलेला. बायको त्यात सूप ओतेपर्यंत मला कळलंच नव्हतं." मग एकेकाचं सुरू झालं, मला वाटलं आता चहा होतच नाही. मर्विनचा हात तेवढा नंतर जरा वर आला. रिग्बीने विचारलं, "तुझं कधीच फुटलं नाही?" तर बिचारा म्हणाला, "मी तीन वर्षांत काही कातलंच नाहीये. वह्याच लिहितोय."

मग चिठ्ठी काढली. आणि सांग कोणाची निघाली? मर्विनचीच! तो वाडगा हातात घेऊन असा उभा होता, जणू कोणी अनोळखी बाळ दिलंय धरायला. आता मे महिन्यात वस्तू त्याची.

लाल वहीत लिहिलं, "एप्रिल. एल्व्हा बरिज. वाडगा." मर्विन पुढे "बूड नसलेला" लिहायला गेला तर रिग्बी म्हणाला, "थांब. माझ्या नावापुढे कधी लिहिलं होतंस?"

तर आता तुझं. रागावले होते? हो, घरी पोचेपर्यंत. पण खरं सांगू का, तुझं पत्र आलं नसतं तर मी केकच ठेवला असता. तू माझं नाव काढून टाकायला निघालीस आणि तूच ते लिहायला लावलंस. आणि अंगठा पावाच्या सुरीने नव्हता कापला, धारेच्या दगडाला घासला होता. तू मला न सांगता पत्र लिहिलंस, मी तुला खोटं लिहिलं. फिट्टंफाट.

केक मात्र सगळा खाल्ला त्यांनी. तुकडासुद्धा उरला नाही.

तुझी (पंच्याहत्तर वर्षांची) आजी

*

डार्विन
८ एप्रिल १९९३

प्रिय आजी,

मी इतकी लाजले आहे की आज एका पेशंटला मी चुकून त्याच्या चांगल्या हाताचा व्यायाम दिला.

मोठ्याने वाचतात हे मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं होतं पास्को गुपचूप वाचेल, गुपचूप तुला म्हणेल की राहू दे, आणि तुला कधी कळणारही नाही. हे लिहिताना दिसतंय की हे त्याहून वाईट आहे. मी दिवसभर लोकांना सांगते, "तुमच्या हाताने जमेल, करून बघा." आणि तुलाच तेवढं म्हटलं नाही.

रिग्बींबद्दल मी पार चुकले. मंडळाला माफीचं पत्र पाठवलं आहे. "उद्धट गृहस्थ" हे शब्द मागे घेतले आहेत. जन्मसाल मागे घेता येत नाही, पण "हस्ताक्षर नीट न लागल्याने आकड्यात चूक झाली असावी" असं लिहिलं आहे. हे चालेल का?

आणि एक विचारू? रागावू नकोस. रिग्बी मंगळवारी फक्त लेथच शिकवतात ना?

तुझी,
टॅमसिन

*

लार्कवूड
६ मे १९९३, गुरुवार, दुपारी

चि. टॅमसिन बाळा,

तुझ्या प्रश्नावर मी एवढी हसले की कोंबड्या पांगल्या. अगं, त्याची बायको दर मंगळवारी त्याच्या पिशवीतून मला बीटाचं लोणचं पाठवते आणि चिठ्ठीत लिहिते, "याला दुपारपर्यंत ठेवून घेतलंस तर बरं." थर्मासचंही मी विचारून टाकलं शेवटी. म्हटलं, वीस वर्षं माझा चहा का नाही घेतलास, कसला राग होता? म्हणाला, "राग कसला? फार पातळ असतो." घे!

थंडी पडायला लागली आहे. जेलीच्या चौदा बाटल्या झाल्या. तुझ्या नावाच्या तीन वेगळ्या ठेवल्यात.

माफीचं पत्र पोचलं. मर्विन म्हणाला, "एल्व्हा, हे वाचू की नको?" मी म्हटलं, "नियम आहे, सभेत मोठ्याने वाच. फक्त आकड्याची ओळ दोनदा वाच." कॉलिनने तर आधीच मेणबत्त्यांचा हिशोब सोडून दिलाय.

मर्विनची दशा काय सांगू! महिनाभर दर मंगळवारी येतोय, माझ्याच शेजारी. रिग्बीने त्याच्या पुढ्यात चार पटाश्या टाकल्या आणि दगड दाखवला. मर्विन म्हणाला, "मी संस्थापक सभासद आहे." रिग्बी म्हणाला, "आधी धार." आता मी माझं काम करता करता त्याच्याकडे बघते आणि मधूनच सांगते, "पुन्हा, मर्विन." फार बरं वाटतं गं म्हणायला! वाईट खोड लागणार मला. पण पोखरायला लागला तेव्हा मीच लेथ बंद करायला लावला आणि विचारलं, "खोबण मोजलीस?" नव्हती मोजली. चेहरा पांढराफटक. त्याच्या वाडग्याला बूड आहे ते माझ्यामुळे. आज आणतोय टेबलावर. आणि माझ्या वाडग्याचं त्याने काय केलंय माहीत आहे? घरी बिअर बनवतो ना, ती बाटल्यांत भरायला वापरतो. म्हणे एक थेंब सांडत नाही.

चहाचा मोठा घोळ झाला. मी सभासद, मग चहा कोण करणार? कमिटी बसली. ठरलं की सगळ्यांनी पाळीपाळीने, आद्याक्षरांच्या क्रमाने. मर्विनने यादी केली. पहिलं नाव कोणाचं आलं असेल? बरिज! सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी आपली उठायलाच लागले होते, पायांना सवय. रिग्बी म्हणाला, "यादी खालून वर वाचा." तेव्हा आजचा चहा कॉलिन विल्मॉटचा. सकाळपासून तीनदा फोन आलाय त्याचा. किटलीत पाणी आधी की चहा आधी? दूध कशात? तेवीस जणांना किती साखर? मी म्हटलं, "चोवीस, कॉलिन. चोवीस जणांना."

मला आता उठायला हवं. सभा सातला आहे, पण खुर्च्या साडेसहाला मांडतात, आणि पहिल्या रांगेतली, लेथच्या अगदी समोरची मी धरणार आहे. रिग्बीने बजावलंय, तिथे बसू नकोस, सगळ्या ढलप्या अंगावर येतात. मी त्याला म्हटलं, "येऊ देत की. त्यासाठीच तर बसायचंय."

तुझी आजी,
एल्व्हा बरिज, सभासद